दहा बाय दहातला खर्ज



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मास्तरांनी आयुष्यभर पेटी शिकवली ती वाड्यातल्या माजघरात. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. तिथे पेटी कशी वाजायची हे कानांत साठवलेले काही जण आज समोर बसले आहेत. त्यांचीच नातवंडं आता पाचव्या मजल्यावर, सिमेंटच्या चार भिंतींत, लॅपटॉपवर गाणी करतात आणि त्यांना लो-फाय म्हणतात. आज मी त्या गाण्यांपेक्षा त्या खोलीबद्दलच जास्त बोलणार आहे.

विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकानं विचारलं, ‘जे संगीत मुद्दाम खरखरीत करायचं, त्याला खोलीचं शास्त्र कशाला?’ प्रश्न रास्त आहे. लो-फायमध्ये जुन्या रेकॉर्डची खरखर वरून पेरतात, कॅसेट ताणली गेल्यासारखा सूर किंचित डगमगू देतात, वरची चकाकी कापून टाकतात. इतकं सगळं जाणूनबुजून बिघडवायचं, तर खोलीनं आणखी थोडं बिघडवलं म्हणून काय झालं? माझं म्हणणं असं की चांगली खोली लो-फायला इतर संगीतापेक्षा जास्तच लागते.

1987 साली ई-म्यू या अमेरिकन कंपनीचं एसपी-1200 नावाचं यंत्र आलं. ध्वनीचे तुकडे साठवायचे आणि बटणं दाबून ते ठेक्यात वाजवायचे, हे त्याचं काम. 12 बिट, सेकंदाला सुमारे 26,000 नमुने आणि साठवण जेमतेम दहा सेकंदांची. या हिशेबानं 13,000 हर्ट्झच्या वरचं काही त्यात मावतच नाही. हिप-हॉपवाल्यांनी या अडचणीतूनच एक जाड, उबदार आवाज घडवला. आजची मुलं लाखो नमुने साठवू शकणाऱ्या संगणकावर बसूनही वरचा भाग कापतात, ते त्या आवाजाच्या ओढीनं. आता वरचा भाग गेल्यावर हातात उरतं काय? बास, ढोलाचा ठोका, पियानोचे मधल्या-खालच्या पट्टीतले स्वर. म्हणजे गाण्याचा सगळा भार खाली येतो. आणि छोटी खोली सगळ्यात जास्त गोंधळ घालते ती तिथेच, साधारण 300 हर्ट्झच्या खाली. झांजेच्या झगमगाटात झाकून जाईल असं इथे काहीच नसतं.

हे आकड्यांत सांगण्यापेक्षा एका खोलीत घेऊन जातो. माझी भाची कल्याणला राहते. नोकरी सांभाळून रात्री गाणी करते. तिचा फोन आला. ‘मामा, घरी बास पुरत नाही म्हणून मी वाढवते, आणि तेच गाणं बाबांच्या गाडीत लावलं की दरवाजे थरथरतात. स्पीकर बदलू का?’ म्हटलं, ‘थांब. आधी टेप घे.’ तिला वाटलं कॅसेटची टेप. मी म्हणत होतो ती शिंप्याची, नाहीतर सुताराची.

खोली दहा फूट बाय दहा फूट, उंची साडेनऊ. एका भिंतीला पलंग, समोर लोखंडी कपाट, आणि उरलेल्या जागेत टेबल असं बसवलेलं की तिची खुर्ची बरोब्बर खोलीच्या मध्यावर येत होती. गाणं होतं पांढरी सहाचं. म्हणजे बासचा खालचा सा 55 हर्ट्झचा.

आपल्याकडच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी बसते, ती लहर तिथे जम धरते. जाणारी आणि परतून येणारी लहर एकमेकींवर चढतात आणि हवेतला दाब एका जागी सतत मोठा, दुसऱ्या जागी सतत नगण्य असा वाटला जातो. हिशेब सोपा आहे. वेगाला लांबीच्या दुपटीनं भागायचं, 345 भागिले 6.1, उत्तर 56 आणि थोडं वर. आता हा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. कानाला तर दाबच ऐकू येतो. भाचीची खोली चौरस, त्यामुळे लांबीचा आणि रुंदीचा आकडा एकच. उंची साडेनऊ फूट, तिचा आकडा 59, म्हणजे तोही शेजारीच. तिन्ही दिशांनी खोलीनं 55 ते 60 हा पट्टा पकडलेला आणि मुलगी नेमकी त्या जागी बसलेली जिथे तो ऐकूच येत नाही. वरच्या सप्तकातला सा 110 हर्ट्झचा, त्याची तऱ्हा उलटी. दुसरी लहर 113 च्या आसपास जम धरते आणि तिचा दाब खोलीच्या मध्यावर भरपूर असतो. म्हणजे खर्ज गायब आणि त्याच्या वरचा सा फुगलेला, हे सगळं एकाच खुर्चीत.

मी तिला की-बोर्डवर तो खालचा सा दाबून धरणारी एक लांब पट्टी रेकॉर्ड करायला लावली, ती सुरू ठेवली आणि म्हटलं, आता ऊठ आणि चाल. ती हळूहळू मागे सरकत कपाटाकडे गेली. चौथ्या पावलाला तिनं थांबून माझ्याकडे पाहिलं. कपाटाला पाठ टेकेपर्यंत खोलीत घूं घूं भरलं होतं आणि कपाटातले लोखंडी हँगर आपापसांत किणकिणायला लागले. ‘मामा, हे इतके दिवस इथे होतं?’ होतं की. गाडीचे दरवाजे थरथरवणारा तो हाच. तिला खुर्चीत तो मिळत नव्हता, म्हणून ती वाढवत होती आणि खोली तो गिळत होती. नंबर चुकलेला चष्मा लावून चित्र रंगवायला बसलं तर जे होईल, ते झालं होतं.

स्पीकर बदलले नाहीत. टेबल सरकवलं. समोरच्या भिंतीपासून कान पावणेचार फुटांवर येतील अशी खुर्ची घेतली. लांबीच्या अडतीस टक्क्यांवर बसा, असं ध्वनिमुद्रणवाले सांगतात, ते हेच. त्यानं लांबीचा प्रश्न बराचसा सुटतो. रुंदीचा नाही सुटत, कारण डावा-उजवा स्पीकर सारखा ऐकू यायचा तर त्या दिशेनं मध्य सोडता येत नाही. चौरस खोलीला हा शाप आहेच. घर घेताना कुणी खोली आयताकृती आहे का हे या कारणासाठी पाहत नाही, पाहावं असंही मी म्हणत नाही.

दुसरा उपाय गाणाऱ्यांना लगेच पटेल. पट्टी बदला. गायक गळ्याप्रमाणे पट्टी धरतो, इथे खोलीप्रमाणे धरायची. पांढरी दोनचा खालचा सा 73 हर्ट्झवर येतो, तो या खोलीच्या 56 आणि 113 या दोन्ही आकड्यांपासून लांब आहे. भाची खूश झाली. पण पांढरी दोनचा पंचम कोणता? पांढरी सहा! पंचमावर बास गेला की पुन्हा त्याच खड्ड्यात. तेव्हा तिनं तिथला बास पंचमावर फार रेंगाळू दिला नाही, आणि मला विचाराल तर गाणं त्यानं सुधारलंच.

आता इंटरनेटवरच्या सल्ल्यांबद्दल बोलायला हवं, कारण मुलं तेच वाचतात. ते बहुतेक सल्ले अमेरिकेतल्या घरांसाठी असतात. तिथली भिंत म्हणजे लाकडी चौकट आणि दोन्ही अंगांना जिप्समचे पातळ पत्रे. खालचा स्वर आला की पत्रा हलतो आणि त्या हलण्यात ध्वनीची शक्ती खर्च होते. ध्वनिशोषणाचे जे तक्ते छापले जातात, त्यांत अशा भिंतीला 125 हर्ट्झला जवळपास तीस टक्के शोषण धरतात. आपल्या विटा-प्लास्टरच्या भिंतीला तिथेच एक-दीड टक्का. खाली त्यांच्याकडे अनेकदा गालिचा, आपल्याकडे चकचकीत टाइल. म्हणजे त्यांचा बास भिंतींत मुरतो आणि आपला खोलीत अडकून पडतो. ‘मी माझ्या खोलीत काहीच केलं नाही आणि सुंदर आवाज मिळाला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याची भिंत वेगळी असते इतकंच.

त्यावर उपाय म्हणून आपल्याकडे काय खपतं? एक इंची फोमचे त्रिकोणी कंगोऱ्यांचे चौकोन. लाल आणि काळे, बुद्धिबळाच्या पटासारखे चिकटवलेले. व्हिडिओत पाठीमागे छान दिसतात. 55 हर्ट्झच्या लहरीची लांबी वीस फुटांच्या वर आहे. तिच्यापुढे एक इंचाचा फोम म्हणजे नसल्यात जमा. त्याचा खरा परिणाम सुरू होतो तो हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर. परिणामी वरची चमक मरते, खालची घूं घूं तशीच राहते आणि खोली पहिल्यापेक्षा जास्त घुसमटलेली वाटते. अंड्यांच्या पुठ्ठ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

खरं शोषण कसं करायचं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकानं शोधलं आणि ते त्यानं गाद्या उचलूनच शोधलं. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह झालं. त्यात व्याख्यात्याचं बोलणं कुणाला कळेना. एक शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राही, तोवर पुढचे दहा शब्द त्यावर येऊन आदळत. हे निस्तरायचं काम भौतिकशास्त्राच्या वॉलेस सॅबाइन यांच्याकडे आलं. वय तिशीच्या आत. त्यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, थोड्या थोड्या करून त्या सभागृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते कानानं ऐकून मोजायचं. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर! रात्री, कारण दिवसा रस्त्यावर गोंगाट. त्या हमालीतून सूत्र निघालं. खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला 0.161 नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागायचं, म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो. 1900 साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल सॅबाइन यांच्या सल्ल्यानं बांधला गेला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याची गणना होते.

आपल्याला बोस्टनला जायची गरज नाही. मैफलीची बैठक आठवा. जाजम, गादी, लोड, तक्के, भिंतीला टेकून बसलेली माणसं. माणसाचं शरीर आणि अंगावरचे कपडे ध्वनी चांगला शोषतात, हेही सॅबाइन यांनी मोजलं होतं. बैठकीची खोली घुमत नाही याचं श्रेय गवयाइतकंच लोडांना आहे. भाचीच्या घरी माळ्यावर कापसाच्या दोन जुन्या गाद्या होत्या, चांगल्या चार-चार इंच जाडीच्या. आईला त्या टाकवत नव्हत्या आणि वापरतही कुणी नव्हतं. त्या खाली काढल्या, चादरी शिवून घातल्या आणि समोरच्या दोन कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या, मागे पोकळी ठेवून. ती पोकळी महत्त्वाची. भिंतीला घट्ट चिकटलेली गादी अर्धं काम करते, कारण हवेचं हलणं भिंतीलगत सर्वांत कमी असतं आणि गादी शोषते ते हलणंच. ज्यांच्याकडे गाद्या नाहीत त्यांनी रॉकवूलच्या जाड पाट्या कापडात बांधून घ्याव्यात, कोणताही सुतार चौकट करून देतो. त्यानं 100-150 हर्ट्झपर्यंत फरक पडेल. 55 मात्र गादीनं जाणार नाही. तिथे खुर्ची आणि पट्टी हेच उपाय, आणि शंका आली की गाडीत जाऊन ऐकणं.

‘मग मी सगळं हेडफोनवरच करते ना!’ असं ती म्हणाली, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तेच आलं असेल. लो-फाय ऐकणारे बहुतेक हेडफोनवरच ऐकतात, अभ्यास करताना, लोकलमध्ये. तेव्हा मिक्स करताना हेडफोन वापरायला माझी हरकत नाही. पण हेडफोन ऐकतानाची खोली काढतो. मायक्रोफोननं गाणं घेतानाच जी खोली आत घेतली, ती तो कशी काढणार?

खोली इथे दोनदा येते. एकदा स्पीकर आणि कान यांच्या मध्ये, तिथे ती नको, कारण ती तुमचा निर्णय चुकवते. दुसऱ्यांदा गळा आणि मायक्रोफोन यांच्या मध्ये. तिथे ती हवी की नको, हा आवडीचा भाग. अंथरूण-पांघरूण असलेल्या आपल्या झोपायच्या खोलीत आवाज साधारण अर्धा सेकंद घुमतो असं धरलं, तर सॅबाइनच्या हिशेबानं तोंडापासून सुमारे एक हात अंतरावर थेट आवाज आणि खोलीचा आवाज सारखे होतात. हात म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून बोटांपर्यंतचा, दीड फूट. त्याच्या अलीकडे मायक्रोफोन ठेवला तर गाणारा कानाशी येतो. पलीकडे ठेवला तर खोली गाऊ लागते. वीतभर अंतरावर आणलात तर एका बाजूनं ऐकणारा मायक्रोफोन आपणहून खर्ज वाढवतो. तो ‘जवळून कुजबुजल्यासारखा’ लो-फाय आवाज बराचसा इथून येतो, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय.

घरी केलेल्या संगीताचं नाव निघालं की सगळे ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाच्या ‘नेब्रास्का’ अल्बमचं उदाहरण देतात. मीही देणार आहे, पण वेगळ्या कारणासाठी. जानेवारी 1982. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथलं भाड्याचं घर, झोपायची खोली, टीअॅकचं चार ट्रॅकचं कॅसेटयंत्र आणि शुअरचे एसएम57 हे साधे मायक्रोफोन. पुढे बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधलं काहीतरी निसटत होतं. शेवटी सप्टेंबर 1982 मध्ये ती कॅसेटवरची मुद्रणंच रेकॉर्ड म्हणून बाजारात आली. यावरून लोक निष्कर्ष काढतात की खोली कशीही चालते. पण त्या खोलीत जमिनीवर लांब धाग्यांचा जाड, नारिंगी गालिचा होता. खोली कोरडी होती, घुमत नव्हती. त्या गाण्यांत जो दूरचा, पोकळ प्रतिध्वनी ऐकू येतो, तो नंतर एकोप्लेक्स नावाच्या टेपच्या यंत्रानं घातलेला आहे. खोलीनं गप्प राहून जागा दिली म्हणून तो हवा तेवढा घालता आला. आपल्या टाइलच्या खोलीत हेच करायला गेलात तर खोलीचा प्रतिध्वनी आधीच मुद्रणात बसलेला असेल, आणि तो पुसायचं रबर अजून कुणी बनवलेलं नाही. कमी करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती आवाजाचा जीवही थोडा घेऊन जातात.

घुमणं हवंच असेल तर ते निवडून घ्या. शिकागोच्या बिल पटनम यांनी 1947 साली हार्मोनिकॅट्स या त्रिकुटाचं ‘पेग ओ’ माय हार्ट’ मुद्रित करताना स्टुडिओची न्हाणी वापरली. बाहेरचा आवाज स्पीकरनं न्हाणीत सोडायचा, तिथे टाइलांवर घुमलेला आवाज मायक्रोफोननं परत घ्यायचा आणि मूळ आवाजात हवा तितकाच मिसळायचा. रेकॉर्ड तुफान खपली. तुमच्या घरातही न्हाणीघर आहे. चार बाय सहाच्या न्हाणीत खोलीचे आपले आकडे निघतात 94 आणि 141, म्हणजे पुरुषाच्या खर्जाच्या आसपास. आंघोळ करताना प्रत्येक जण भीमसेनजी का होतो, याचं कारण एवढंच आहे. कोरडं गाणं आधी झोपायच्या खोलीत गादीसमोर घ्या, मग फोनच्या स्पीकरवरून न्हाणीत वाजवा, दुसऱ्या फोननं टिपा. बादली मात्र बाहेर ठेवा, ती स्वतःच्या सुरात गाते.

खोलीचा स्वभाव ओळखायची सर्वांत सुंदर रीत एका संगीतकारानं दिली. आल्विन ल्युसिए. 1969 सालची त्यांची ‘आय अॅम सिटिंग इन अ रूम’ ही रचना. खोलीत बसून काही वाक्यं बोलायची आणि मुद्रित करायची. ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करायचं, ते पुन्हा वाजवायचं, पुन्हा टिपायचं. दर फेरीला खोलीला आवडणारे स्वर थोडे वाढतात, न आवडणारे झिजतात. काही फेऱ्यांनी शब्द कळेनासे होतात, शेवटी बोलण्याची लय तेवढी उरते आणि तिच्या आत खोलीचे स्वर घंटेसारखे लांबत राहतात. ल्युसिए बोलताना अडखळत, ते अडखळणंही त्यात विरघळत जातं. घरी दोन फोन असतील तर एका दुपारी हा प्रयोग करून पाहा. शेवटी जो सूर उरेल तो पेटीवर शोधा. तो तुमच्या खोलीचा सा. लो-फाय गाण्यात खाली मंद भरण म्हणून वापरायला याहून चांगला तंबोरा नाही. बाजारात मिळणारी खरखरीची आयती पाकिटं सगळ्यांच्या गाण्यांत एकच असतात. माझ्या मते ती वापरणं आळस आहे, मग तुम्ही त्याला शैली म्हणा.

बाहेरच्या आवाजाबद्दल दोनच वाक्यं, कारण तो वेगळा विषय आहे. गादीनं रिक्षाचा हॉर्न अडत नाही, त्याला वजनदार भिंत आणि बंद फट लागते, म्हणून आधी दाराखालची फट बुजवा. आणि पंखा बंद करा, कितीही उकडलं तरी. घरघर तर आहेच, वर फिरत्या पात्यांवरून परतणारा आवाज थरथरत येतो आणि मुद्रणात तो कशानं थरथरतोय हे शोधण्यात अख्खी रात्र जाते.

वेळ झाली. आता प्रश्न घेऊ. ज्यांना स्वतःच्या खोलीबद्दल विचारायचंय त्यांनी आधी लांबी, रुंदी, उंची सांगा, खुर्ची कुठे आहे ते सांगा आणि गाण्याची पट्टी सांगा. ‘बास घुमतो’ एवढ्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.